निर्यातीची पेटी आणि घरातील फळांची टोपली

खडकी बाजारातील फळांच्या गाड्यांवर द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की एक शब्द वारंवार कानी पडतो : 'एक्स्पोर्टचा माल'. आंब्याच्या दिवसांत तोच शब्द पेटीवर छापलेला दिसतो, तर डाळिंबाच्या दिवसांत तो चकचकीत चिकटपट्टीवर येतो. निवृत्तिवेतनातून महिन्याचे गणित बसवणारे ज्येष्ठ आणि घरातील आजारी माणसाच्या आहाराची काळजी वाहणाऱ्या लेकीसुना हा शब्द ऐकून क्षणभर थांबतात. चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही, निदान औषधांचा अंश तरी कमी असेल, असा विचार त्यांच्या मनात येतो. दुसऱ्या बाजूला एक सलही असतो. चांगले ते परदेशी जाते आणि उरलेसुरले आपल्या ताटात येते, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे.

हा विश्वास आणि हा सल, दोन्ही एकदा नीट तपासून पाहावेत. वाढत्या वयात शरीराची राखीव शक्ती घटलेली असते. मूत्रपिंड पूर्वीइतके कार्यक्षम राहत नाही, रक्तातील साखर थोड्या कारणाने वर जाते, रोजच्या गोळ्यांची संख्या वाढलेली असते, गिळण्याची क्रियाही पूर्वीसारखी सहज राहिलेली नसते. तरुण माणसाला जी चूक पचते, ती ऐंशीच्या घरातील माणसाला रुग्णालयापर्यंत नेऊ शकते. म्हणून फळावरील शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक असावा. निर्यातीचे शासकीय निकष नेमके काय मोजतात, काय मोजत नाहीत आणि त्यांतील कोणती शिस्त आपल्या स्वयंपाकघरात उतरवता येईल, हे या लेखात पाहू.

खडकीच्या शेजारचा वारसा

हा विषय खडकीकरांना परका नाही. खडकीला लागून असलेल्या गणेशखिंडीतील फळबागेत पश्चिम भारतातील फळसंशोधनाचा पाया घातला गेला. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये येथेच लखनौहून आणलेल्या पेरूच्या बियांपासून वाढवलेल्या झाडांतून 'लखनौ-४९' या वाणाची निवड केली. आज आपण तो 'सरदार' पेरू म्हणून ओळखतो. डाळिंबाचा 'गणेश' हा वाणही १९३६ मध्ये याच बागेत निवडला गेला आणि पुढे त्याच्या संकरातून 'मृदुला'सारखे वाण तयार झाले. 'चीमा साहेबी' हे द्राक्षही येथलेच.

निर्यातीचा विचारही येथील शास्त्रज्ञांनी फार लवकर केला. १९३२ आणि १९३३ या वर्षी युरोपला पाठवलेल्या आंब्यांविषयीचा डॉ. चीमा आणि पी. जी. दाणी यांचा अहवाल मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. आंबा बोटीच्या प्रवासात टिकावा म्हणून त्याला किती थंडी सोसते, याचे अभ्यासही पुढे येथे झाले. त्या अभ्यासांतून पुढे आलेली एक गोष्ट आजही घरोघरी उपयोगी आहे. कच्चा आंबा फार थंडीत ठेवला तर त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते, सालीवर करडे डाग पडतात आणि चव येत नाही. आढीतला अर्धकच्चा हापूस शीतकपाटात ठेवू नये. तो पिकल्यावरच आत ठेवावा. गणेशखिंडीची ही बाग २०२० मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली आहे.

प्रतवारी म्हणजे काय आणि काय नाही

शेतमालाच्या दर्जावर शासकीय मोहोर उमटवण्याचा कायदा आपल्या देशात १९३७ पासून आहे. कृषी उत्पादन प्रतवारी व चिन्हांकन अधिनियम हे त्याचे नाव आणि 'अॅगमार्क' हे त्याचे चिन्ह. तूप, मध, मसाले यांवर हे चिन्ह आपण पाहतोच. ताज्या फळांसाठी आणि भाज्यांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र नियम आले आणि त्यात तीन वर्ग ठरवण्यात आले : एक्स्ट्रा क्लास, वर्ग १ आणि वर्ग २.

हे वर्ग कशावरून ठरतात, हे पाहिले की पुष्कळ गैरसमज दूर होतात. फळाचा आकार, रंग, घडाची ठेवण, सालीवरील डाग आणि ओरखडे यांवर वर्ग ठरतो. द्राक्षाच्या घडाचे वजन मोजले जाते, आंब्याचे आकारमान पाहिले जाते. एक्स्ट्रा क्लासच्या पेटीत निकषाबाहेरचा माल ५ टक्क्यांपर्यंत चालतो, वर्ग १ मध्ये १० टक्क्यांपर्यंत. फळ अखंड, स्वच्छ, न सडलेले, किडीपासून मुक्त आणि विचित्र वास नसलेले असावे, ही किमान अट मात्र तिन्ही वर्गांना सारखीच लागू असते.

याचा आपल्या दृष्टीने सरळ अर्थ असा की वर्ग २ चे फळ आरोग्याला कमी प्रतीचे नसते. घड लहान निघाला, सालीवर वाऱ्याने घासल्याची खूण राहिली किंवा रंग सर्वत्र सारखा चढला नाही, म्हणून जे फळ निर्यातीच्या पेटीतून बाजूला पडते, त्याचे जीवनसत्त्व आणि तंतुमय भाग जिथल्या तिथे असतात. 'उरलेसुरले आपल्याला' या भावनेतील मोठा भाग अशा दिसण्याने मागे पडलेल्या फळांचा आहे. त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. उलट मर्यादित उत्पन्नाच्या घराला ते फळ योग्य भावात मिळते. खडकीच्या उपबाजारातून येणारा साधा पेरू, दिसायला ओबडधोबड असला तरी, ताटात तितकाच मोलाचा असतो.

गोडीचे मोजमाप : मधुमेहींनी वाचावे असे

निर्यातीच्या निकषांतील एक आकडा मात्र ज्येष्ठांनी आवर्जून लक्षात ठेवावा. द्राक्ष तोडणीस योग्य झाले की नाही, हे त्याच्या रसातील विद्राव्य घटकांवरून ठरवतात. या मापाला 'ब्रिक्स' म्हणतात आणि खाण्याच्या द्राक्षासाठी साधारण १६ अंश ब्रिक्स ही पातळी मानली जाते. बागायतदार रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या लहान दुर्बिणीसारख्या उपकरणावर ठेवून हा आकडा वाचतात.

१६ अंश ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १६ ग्रॅम विद्राव्य घटक, आणि द्राक्षात त्यांतील बहुतेक वाटा साखरेचा असतो. चहाच्या चमच्याच्या भाषेत सांगायचे तर मध्यम आकाराचे पंधरा-वीस मणी म्हणजे जवळजवळ तीन ते चार चमचे साखर. निर्यातीचा उत्तम माल म्हणजे खात्रीने गोड माल, हे येथे विसरू नये. ज्याला बाजार 'क्वालिटी' म्हणतो, तीच मधुमेही व्यक्तीच्या दृष्टीने सावधगिरीची खूण असते.

याचा अर्थ मधुमेहींनी द्राक्षे सोडावीत, असा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. त्या मर्यादेत मणी मोजून वाटीत घ्यावेत, घड हातात घेऊन बसू नये. रस काढू नये, कारण रसात तंतू मागे राहतात आणि साखर वेगाने रक्तात पोहोचते. पोटभर जेवणावर लगेच फळांची भर घालण्याऐवजी दोन जेवणांच्या मधली वेळ निवडावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे चालू असतील, तर नेमके प्रमाण आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

औषधांचा अंश : द्राक्षांनी शिकवलेला धडा

आता मुख्य चिंतेकडे वळू. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांना जबर धक्का बसला. त्यातून एक नवी व्यवस्था जन्माला आली. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे अंश तपासणीच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली. 'अपेडा' या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली.

तिचे काम कसे चालते, ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. निर्यात करू इच्छिणारा शेतकरी आपल्या बागेची नोंदणी कृषी खात्याकडे करतो. त्या बागेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कोणती फवारणी केव्हा केली, याची वही ठेवावी लागते. प्रत्येक औषधासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे ठरलेले असते. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल मर्यादेत असेल तरच माल पॅकहाउसमध्ये जातो, तेथे अॅगमार्क प्रतवारीचे प्रमाणपत्र मिळते आणि शेवटी वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र. परदेशातील दुकानात एखाद्या पेटीत दोष आढळला, तर पेटीवरील क्रमांकावरून नोंदणी केलेल्या बागेपर्यंत माग काढता येतो. पुढे डाळिंबासाठी 'अनारनेट' आणि आंब्यासाठी 'मँगोनेट' याच धर्तीवर उभे राहिले.

इतकी व्यवस्था असूनही २०१० मध्ये पुन्हा संकट आले. द्राक्षवेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदारांच्या बोलीतील 'सीसीसी'चे, अंश युरोपात पोहोचलेल्या मालात सापडले. हे रसायन तोवर आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. कंटेनर बंदरात अडकले, शेतकऱ्यांचे आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले आणि त्यानंतर हे नाव यादीत आले. या घटनेतून ग्राहकानेही एक गोष्ट समजून घ्यावी. तपासणीचा अहवाल हा यादीतल्या रसायनांपुरता बोलतो. 'टेस्टेड' हा शब्द वाचला की कशासाठी तपासले, हा प्रश्न त्याच्या मागोमाग यायला हवा.

युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तेथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. म्हणजे १०० टन फळांत अवघा १ ग्रॅम. ही मर्यादा ओलांडलेले फळ खाल्ले की माणूस आजारी पडतो, असे मात्र नाही. या मर्यादा प्रामुख्याने औषध योग्य रीतीने वापरले गेले की नाही, हे पाहण्यासाठी असतात आणि माणसाला अपाय होण्याची पातळी त्यांहून बरीच वर असते. म्हणून परदेशातून परत आलेला माल म्हणजे विष, असे मानून घाबरू नये. त्याचबरोबर निष्काळजीही राहू नये. देशांतर्गत विक्रीच्या फळांसाठीही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील नियमांनुसार अंशांच्या मर्यादा आहेत. फरक आहे तो तपासणीच्या घनतेत. निर्यातीच्या द्राक्षात नोंदणी केलेल्या बागेचा नमुना तपासला जातो. गाडीवर येणाऱ्या प्रत्येक घडामागे असा अहवाल नसतो. चार ठिकाणचा माल एकत्र झाल्यावर तो कोणत्या बागेतला, हेही कळत नाही. खरा भेद फळाच्या जातीत नसून त्याच्यामागच्या नोंदीत आहे.

चिकटपट्टी काय सांगते

गाडीवरील सफरचंदावर, किवीवर किंवा संत्र्यावर चिकटवलेल्या लहान पट्टीकडे आता पाहू. तिच्यावर चार आकडी क्रमांक असेल, तर तो दुकानातील बिलासाठी वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. ९ ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांक सेंद्रिय मालाचा समजला जातो. पण ही पद्धत ऐच्छिक आहे आणि पट्टी कोणीही छापू शकतो. केवळ तिच्यावर विसंबून जास्त पैसे मोजू नयेत.

'बेस्ट क्वालिटी', 'टेस्टेड ओके' असे लिहिलेल्या पट्ट्यांविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ग्राहकांना स्पष्ट सावध केले आहे. अशा मजकुराला काहीही अर्थ नसतो, आणि कधी कधी फळाचा खराब भाग झाकण्यासाठीही पट्टी लावली जाते. फळ घेताना पट्टीखालची जागा बोटाने दाबून पाहावी. खाण्यापूर्वी पट्टी काढावी आणि तेथील डिंक धुऊन, गरज वाटल्यास तेवढी साल कापून टाकावी.

बंद पेटी किंवा डबा घेत असाल, तर पुढील गोष्टी शोधाव्यात. पॅक करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख किंवा महिना आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. सेंद्रिय म्हणून विकले जात असेल, तर 'जैविक भारत' हे चिन्ह हवे. नुसते 'नॅचरल' किंवा 'फार्म फ्रेश' हे शब्द कोणत्याही प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत. सफरचंदावर मेणाचा लेप असेल, तर मधमाशीचे मेण, कार्नोबा किंवा लाख यांसारख्या खाद्य मेणांना परवानगी आहे आणि तसा उल्लेख करणे आवश्यक आहे. पातळ खाद्य लेपाने अपाय होत नाही. नखाने खरवडल्यावर जाड थर निघत असेल, तर मात्र साल काढूनच खावे.

हापूसच्या बाबतीत २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन उपयोगी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्यालाच ते नाव कायद्याने लावता येते. मात्र हे मानांकन मूळ प्रदेशाची ओळख पटवते. तो आंबा कसा पिकवला, हे त्यातून कळत नाही.

आंबा : पिकवणे, उष्ण पाणी आणि किरण

पिकवण्याचा प्रश्न ज्येष्ठांच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. बाजारात मिळणाऱ्या या रसायनात आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. त्याच्या जागी इथिलीन वायूचा वापर, दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत, मान्य करण्यात आला आहे. इथिलीन हा फळ स्वतःच पिकताना सोडत असलेला वायू आहे. त्यामुळे 'रायपनिंग चेंबर'मध्ये पिकवलेल्या केळ्याला किंवा आंब्याला घाबरण्याचे कारण नाही. नुसते पाहून कार्बाइड ओळखणे अवघड असते, तरी काही संशयाच्या खुणा आहेत : हंगाम सुरू होण्याच्या फार आधी आलेला एकसारखा पिवळाजर्द आंबा, सुगंधाचा अभाव, बाहेरून पिवळा आणि आतून कडक व आंबट गर. सालीवर पांढरी भुकटी दिसली, तर ते फळ घेऊ नये. सर्वांत सोपा उपाय म्हणजे हंगाम भरात येईपर्यंत थांबणे आणि शक्य असल्यास कच्चा आंबा आणून घरी गवतात पिकवणे.

निर्यातीच्या आंब्यावर आणखी प्रक्रिया होतात आणि त्यांविषयीही शंका विचारल्या जातात. फळमाशीसारख्या किडी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. सुधारणा झाल्यावर २०१५ च्या हंगामापूर्वी ती उठली. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवला जातो, त्यामुळे फळमाशीची अंडी व अळ्या नष्ट होतात. यात रसायन नसते. अमेरिकेने २००७ पासून भारतीय आंबा घेण्यास सुरुवात केली, ती विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. लासलगावचे 'कृषक' हे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले केंद्र त्यासाठी वापरले गेले. 'किरण दिलेले फळ' या शब्दाने पुष्कळांच्या मनात भीती येते. पण क्ष-किरण तपासणीनंतर माणूस जसा किरणोत्सर्गी होत नाही, तसेच हे फळही होत नाही. त्यावर विकिरणाचे ठरावीक चिन्ह असते, इतकेच.

काळजीवाहकाच्या हातातील शिस्त

निर्यातीच्या साखळीतील उत्तम गोष्ट म्हणजे काढणीपासून पेटी बंद होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जबाबदार असतो. ही शिस्त घरीही आणता येते आणि तिला खर्च फारसा नाही.

धुणे : फळ वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावे. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव वापरू नये. अमेरिकेत २०१७ मध्ये सफरचंदांवर झालेल्या एका अभ्यासात खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात, म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम, १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर तपासलेल्या दोन कीडनाशकांचे पृष्ठभागावरील अंश निघून गेल्याचे दिसले. सालीच्या आत शिरलेला भाग मात्र निघाला नाही. सोड्याचा उपयोग केल्यास फळ नंतर साध्या पाण्याने पुन्हा नीट धुवावे. केळे, संत्रे, पपई यांची साल काढायची असली, तरी आधी धुवावे; नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते.

साठवण : द्राक्षे न धुता, हवा खेळेल अशा डब्यात शीतकपाटात ठेवावीत आणि खाण्यापूर्वी लागतील तेवढीच धुवावीत. ओलावा राहिला की बुरशी येते. निर्यातीच्या पेटीत बुरशी रोखण्यासाठी 'ग्रेप गार्ड' नावाचा कागद ठेवतात. तो सल्फर डायऑक्साइड वायू सोडतो. अशी पेटी घरी आली तर कागद लगेच बाजूला काढून टाकावा, द्राक्षे काही वेळ उघड्यावर ठेवून मग धुवावीत. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर पेटी त्याच्यापासून दूर, मोकळ्या हवेत उघडावी. कापलेले फळ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. रस्त्यावर कापून ठेवलेली कलिंगडाची किंवा पपईची फोड वृद्धांना देऊच नये.

गिळणे : पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या श्वासनलिकेत अखंड द्राक्ष अडकण्याचा धोका खरा आहे. मणी जितका मोठा, गोल आणि गुळगुळीत, तितका तो अधिक. आणि निर्यातीच्या मालात नेमका असाच मणी पसंत केला जातो. द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत. डाळिंबाचे दाणे, सफरचंदाची कच्ची फोड यांऐवजी पिकलेली पपई, कुस्करलेले केळे किंवा वाफवलेले सफरचंद द्यावे. खाताना रुग्ण ताठ बसलेला असावा आणि जवळ कोणीतरी असावे.

मूत्रपिंड : ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांच्यासाठी फळांची निवड बदलते. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, द्राक्षात सुमारे १९० आणि सफरचंदात सुमारे ११०. शहाळ्याच्या पाण्याबाबतही डॉक्टरांना विचारावे. आडवे कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे करमळ, ज्याला कमरख असेही म्हणतात, ते मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने पूर्ण वर्ज्य करावे. त्यातील विषारी घटक अशा शरीरातून बाहेर पडत नाही आणि उचकी, गोंधळलेपण, झटके असे गंभीर परिणाम होऊ शकतात.

औषधे : ग्रेपफ्रूट हे फळ कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे, उदाहरणार्थ सिमवास्टॅटिन आणि अॅटोरवास्टॅटिन, तसेच रक्तदाबाच्या फेलोडिपिन, निफेडिपिन यांसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. आपले पपनस त्याच कुळातील आहे. या गोळ्या चालू असतील, तर ही दोन फळे खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

तक्रार कोठे करावी

फळाबाबत संशय आला, तर शांतपणे पुढील पावले उचलावीत. शक्य तेथे पावती घ्यावी, पेटीवरील मजकुराचे छायाचित्र काढावे आणि फळाचा काही भाग स्वच्छ पिशवीत शीतकपाटात ठेवावा. कार्बाइडची शंका किंवा दर्जाविषयीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. वजन, किंमत किंवा फसव्या मजकुराबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. हिंडण्याफिरण्याची अडचण असलेल्या ज्येष्ठांनी घरबसल्या दूरध्वनी करावा. त्यासाठी कार्यालयात जाण्याची गरज नसते. आणि फळ खाल्ल्यावर उलटी, चक्कर, घशात जळजळ किंवा श्वास लागणे असे काही झाले, तर तक्रारीच्या आधी डॉक्टर गाठावा.

पुढच्या खेपेस एखादा विक्रेता 'एक्स्पोर्टचा माल आहे, आजी' असे म्हणाला, तर त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत : हा माल कोठला, तो कोणी पॅक केला आणि कधी उतरला? उत्तर मिळाले आणि पेटीवर तसे लिहिलेले दिसले, तर त्या शब्दाला थोडीफार किंमत द्यावी. उत्तर नसेल, तर फळ हातात घेऊन, वास घेऊन, देठ आणि साल पाहून नेहमीच्या भावातच घ्यावे. ओळखीच्या विक्रेत्याकडून, हंगामात, थोडे थोडे आणि ताजे घेतलेले फळ धुऊन, बेताने आणि आपल्या प्रकृतीला साजेल असे कापून दिले, तर ते आपल्या घरासाठी पुरेसे उत्तम आहे.